प्रकाशाचा वेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाचे कार्यक्रम, शाळांमधली विज्ञानप्रदर्शनं आणि हल्ली व्हॉट्सॲपचे फॉरवर्ड, या तीन ठिकाणांहून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत आणि काही दोन ओळींत आटोपली आहेत. ज्याला जेवढं लागतं, तेवढं दिलं आहे.

प्रकाशाचा वेग नेमका किती?

निर्वात पोकळीत सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. तोंडी हिशेबाला तीन लाख किलोमीटर धरलं तर चूक हजारात एकापेक्षाही कमी होते, त्यामुळे या पानावर बहुतेक ठिकाणी तोच आकडा वापरला आहे. सूत्रांमध्ये हा वेग 'सी' या अक्षराने लिहितात. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जवळजवळ ३० सेंटिमीटर जातो. शाळेतल्या फूटपट्टीची लांबी तेवढीच असते.

दशांश चिन्हापुढे काहीच नाही? एवढा गोळीबंद आकडा निसर्गात कसा सापडला?

सापडला नाही, ठरवला. १९७२ मध्ये अमेरिकेत बोल्डर इथल्या प्रयोगशाळेत लेसरने केलेल्या मोजणीत सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर असं उत्तर आलं, आणि त्यातली अनिश्चितता होती १.१ मीटर. पुढे अडचण उपकरणांची राहिली नाही, मीटरची आली. तेव्हा मीटरची व्याख्या क्रिप्टॉन वायूच्या दिव्यातल्या एका नारिंगी रंगरेषेवर बेतलेली होती, आणि ती रेषाच पुरेशी रेखीव नव्हती. पट्टीच्या खुणा जाड असतील तर मोजमाप त्यापेक्षा बारीक कुठून येणार?

म्हणून १९८३ मध्ये गणित उलटं फिरवलं. प्रकाशाचा वेग वरच्या पूर्णांकावर कायमचा पक्का केला, आणि प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो, ते अंतर म्हणजे एक मीटर असं ठरलं. परिणाम गमतीदार आहे. आज कुणी उत्तम प्रयोगशाळेत प्रकाशाचा वेग मोजायला बसलं आणि उत्तर वेगळं आलं, तर चूक त्यांच्या पट्टीत किंवा घड्याळात आहे, असाच त्याचा अर्थ होतो.

प्रकाशाला पोहोचायला वेळ लागतो हे पहिल्यांदा कळलं कसं?

गॅलिलिओने एक युक्ती सुचवली होती. दोन माणसांनी झाकलेले कंदील घेऊन रात्री लांब उभं राहायचं. एकाने झाकण काढलं की दुसऱ्याने ते पाहून आपलं काढायचं, आणि किती उशीर होतो ते बघायचं. पण मैलभर अंतर कापायला प्रकाशाला सेकंदाच्या दोन लाखाव्या भागाएवढा वेळ लागतो. माणसाचा हात त्याच्या हजारो पट मंद. वेग असलाच तर अफाट असणार, एवढंच त्यातून निघालं.

खरा धागा हाती लागला तो गुरू ग्रहाच्या चंद्राकडून. पॅरिसच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ कासिनीच्या हाताखाली ओले रोमर हा डॅनिश तरुण काम करत होता. गुरूचा आयो हा चंद्र दर साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो आणि बाहेर पडतो. ही ग्रहणं त्या काळी फार मोलाची होती, कारण ती जगभरातून एकाच क्षणी दिसतात, आणि त्यांच्या वेळापत्रकावरून एखाद्या गावाचं रेखांश काढता येतं. त्यासाठीच ती वर्षानुवर्षं नोंदवली जात होती.

पण नोंदी वेळापत्रकाशी जुळेनात. पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना ग्रहणं उशिरा व्हायची आणि जवळ येत असताना लवकर. याचा हिशेब करून बघा. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने फिरते. ती गुरूपासून सरळ दूर जात असेल, तर आयोच्या एका फेरीत ती सुमारे ४६ लाख किलोमीटर मागे सरते. तेवढं जादा अंतर कापायला प्रकाशाला १५ सेकंद लागतात. एका ग्रहणात १५ सेकंदांचा फरक त्या काळच्या घड्याळांनी पकडणं कठीण होतं, पण महिनोन्‌महिने तो साठत जातो आणि मिनिटांत दिसू लागतो. रोमरने १६७६ मध्ये आधीच सांगून टाकलं की ९ नोव्हेंबरचं ग्रहण हिशेबापेक्षा दहा मिनिटं उशिरा सुटेल. तसंच झालं.

पृथ्वीच्या कक्षेची पूर्ण रुंदी ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात, असा त्याचा अंदाज होता. खरा वेळ पावणेसतरा मिनिटांच्या आत आहे. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने हा अंदाज घेऊन वेग काढला तो खऱ्या आकड्याच्या जवळपास पाऊणपट आला. त्या जमान्यात सूर्याचं अंतरच धड माहीत नव्हतं हे लक्षात घेतलं, तर हे उत्तर थक्क करणारं आहे. कासिनीला मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही, आणि पुढची पन्नास वर्षं वाद धुमसत राहिला.

तो मिटवला इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडलीने. पाऊस सरळ पडत असला तरी आपण झपझप चालू लागलो की छत्री पुढे कलवावी लागते. ब्रॅडलीला १७२८ च्या सुमारास लक्षात आलं की दुर्बिणीचंही तसंच होतं. पृथ्वी धावते आहे, म्हणून ताऱ्याकडे रोखलेली दुर्बीण किंचित पुढे झुकवावी लागते, आणि सहा महिन्यांनी, पृथ्वीची दिशा उलटी झाली की, दुसरीकडे. हा झुकाव फक्त साडेवीस विकला भरतो. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर त्यातले साडेवीस. पृथ्वीच्या वेगाशी प्रकाशाच्या वेगाचं प्रमाण त्यातून थेट निघतं: दहा हजार पटींच्या आसपास.

हे सगळं आकाशातलं झालं. जमिनीवर पहिल्यांदा कुणी मोजलं?

इपोलित फिझो, १८४९. आम्हाला हा प्रयोग सगळ्यात जास्त आवडतो, कारण कागद-पेन्सिल घेऊन तो कुणालाही तपासता येतो. पॅरिसजवळच्या स्युरेन इथे त्याने एक दातेरी चाक बसवलं, ७२० दात्यांचं. दोन दात्यांमधल्या फटीतून प्रकाशाचा झोत ८.६३ किलोमीटर दूर मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या आरशाकडे सोडला. आरशावरून परतलेला झोत त्याच चाकातून डोळ्यापर्यंत यायचा.

चाक हळू फिरत असेल तर झोत गेला त्याच फटीतून परत येतो. वेग वाढवत नेला की एक वेळ अशी येते की झोत परतेपर्यंत फटीच्या जागी पुढचा दाता आलेला असतो आणि समोर अंधार होतो. फिझोला हा अंधार सेकंदाला १२.६ फेऱ्यांवर दिसला. ७२० दाते आणि ७२० फटी मिळून १,४४० जागा, गुणिले १२.६, म्हणजे एक जागा सरकायला सेकंदाचा १८,१४४ वा भाग. तेवढ्या वेळात झोताने जाऊन-येऊन १७.२६ किलोमीटर कापले. गुणाकार केला की सेकंदाला ३ लाख १३ हजार किलोमीटर. वीज नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही, आणि चूक पाच टक्क्यांच्या आत!

त्यानंतर फूकोने १८६२ मध्ये फिरता आरसा वापरून २ लाख ९८ हजार काढले. मायकेलसनने तर आयुष्यच या कामाला वाहिलं. १९२६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ३५ किलोमीटर अंतरावरच्या दोन डोंगरांमध्ये प्रकाश खेळवून तो २,९९,७९६ पर्यंत पोहोचला.

काचेत आणि पाण्यात प्रकाश मंदावतो असं शाळेत शिकवतात. मग हा वेग 'स्थिर' कसा?

स्थिर आहे तो पोकळीतला वेग. पाण्यात प्रकाश सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरने जातो, साध्या काचेत दोन लाखांनी, आणि हिऱ्यात फक्त सव्वा लाखाच्या आसपास. पाण्याच्या बादलीत काठी वाकडी दिसते ती यामुळेच.

मंदावतो म्हणजे काय, याबद्दल मात्र बराच गोंधळ आहे. प्रकाशकण अणूंवर आपटत, धडपडत जातो म्हणून उशीर होतो, असं चित्र पुष्कळ ठिकाणी रंगवलेलं असतं. ते चुकीचं आहे. आपटत गेला असता तर तो दाही दिशांना विखुरला असता आणि काचेतून आरपार काही दिसलंच नसतं. प्रत्यक्षात प्रकाशलहर काचेतल्या इलेक्ट्रॉनांना हेलकावे देते, ते इलेक्ट्रॉन स्वतःच्या लहरी सोडतात, आणि मूळ लहर व या नव्या लहरी यांची बेरीज होऊन जी लहर तयार होते तिचे उंचवटे सावकाश पुढे सरकतात. काचेबाहेर पडल्यावर इलेक्ट्रॉन संपले, त्यांची भर संपली, की लहर पुन्हा तीन लाखांनी चालू लागते. 'परत वेग घ्यायला जोर कुठून येतो?' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर हेच: जोर लागतच नाही.

इंटरनेटच्या पिंगचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट आहे. पिंग म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला सिग्नलला लागणारा वेळ. ऑप्टिकल फायबर ही काचच, त्यामुळे तिच्यात प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या जरा वर चालतो. मुंबई ते लंडन सरळ अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. अगदी नाकासमोर केबल टाकली तरी जाऊन-येऊन ७० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र असा वळसा घेते, त्यामुळे पिंग शंभराच्या पुढे जातो. महागडा प्लॅन घेतल्यावर एका वेळी जास्त डेटा येतो, पण पहिला थेंब लवकर येत नाही. परदेशातल्या सर्व्हरवर गेम खेळणाऱ्यांनी सेवा देणाऱ्या कंपनीला शिव्या घालण्यापूर्वी नकाशा बघावा.

शेअर बाजारातल्या मंडळींनी हे कधीच ओळखलं. शिकागो आणि न्यूयॉर्कदरम्यान त्यांनी फायबर सोडून मायक्रोवेव्हचे मनोरे उभारले, कारण हवेत लहर जवळजवळ पूर्ण वेगाने जाते. काही मिलिसेकंदांसाठी एवढा खटाटोप!

टीव्हीवरचा बातमीदार प्रश्न ऐकून क्षणभर नुसता उभा राहतो, त्यामागेही हेच आहे. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंच असतो. वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो, आणि सिग्नलवर प्रक्रिया करण्याचा वेळ त्यात आणखी मिसळतो.

धावत्या गाडीतून पुढे टॉर्च मारला तर गाडीचा वेग प्रकाशात मिळवायचा का?

नाही. गाडीतल्या माणसालाही तीन लाख आणि फलाटावरच्या माणसालाही तीन लाखच.

हे विचित्र वाटतं, आणि वाटायलाच हवं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांनी क्लीव्हलंडमध्ये पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाच्या वेगात वेगवेगळ्या दिशांना काही फरक पडतो का ते तपासलं. पडायला हवा होता, पडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्यावर तोडगा काढताना प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच हे गृहीत धरलं, आणि मग अंतर व वेळ या दोन गोष्टींना लवचीक व्हायला लावलं. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. उत्तर बदलायचं नसेल तर भागाकारातले आकडे बदलायला हवेत.

वेगांची बेरीज मग साधी राहत नाही. प्रकाशाच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या यानातून पुढच्या दिशेने तेवढ्याच वेगाने गोळी झाडली तर बाहेरच्या माणसाला ती पूर्ण वेगाने नव्हे, ०.८ पट वेगाने जाताना दिसेल. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. १९६४ मध्ये सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कण-प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ९९.९७५ टक्के वेगाने धावणारे पायॉन कण घेतले. ते धावता धावता फुटतात आणि गॅमा किरण, म्हणजे जास्त ऊर्जेचा प्रकाशच, सोडतात. साधी बेरीज खरी असती तर पुढच्या दिशेने सुटलेले किरण जवळजवळ सहा लाखांनी गेले असते. मोजले तेव्हा तीन लाखच भरले.

पुरेसा जोर लावला तर हा वेग का ओलांडता येत नाही?

सर्नच्या मोठ्या कण-त्वरकात प्रोटॉन शिरतात तेव्हा त्यांची ऊर्जा ४५० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. त्या क्षणीच ते प्रकाशापेक्षा सेकंदाला फक्त ६५० मीटर मागे असतात. पुढे ऊर्जा पंधरापट वाढवली जाते. वेग किती वाढतो? सेकंदाला साडेसहाशे मीटरसुद्धा नाही, कारण तीनेक मीटरची तूट शेवटपर्यंत राहतेच. ती तूट भरून काढायला अनंत ऊर्जा लागेल. ज्याला वस्तुमान आहे, त्याला ही सीमा गाठता येत नाही. ज्याला नाही, त्याला याच वेगाने जावं लागतं, याहून सावकाश जाण्याची मुभा नाही.

म्हणजे प्रकाशापेक्षा जलद काहीच नाही?

प्रश्न 'काय जलद' यावर अवलंबून आहे. चंद्रावर लेसरचा ठिपका पाडून मनगट अर्धा अंश फिरवा. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात चंद्राच्या या कडेवरून त्या कडेवर गेला, तर त्याचा वेग सेकंदाला ३ लाख ४७ हजार किलोमीटर झाला. नियम मोडला नाही, कारण ठिपका ही वस्तू नव्हे. या कडेवरच्या माणसाला त्या कडेवरच्या माणसाला निरोप द्यायचा असेल तर ठिपक्याचा काडीचा उपयोग नाही. सुमारे १,४०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडच्या दीर्घिका आपल्यापासून प्रकाशापेक्षा जास्त वेगाने दुरावत आहेत, पण तिथे मधलं अवकाशच ताणलं जातं. आणि गुंतलेल्या कणांची जोडी (एकाची मोजणी केली की दुसऱ्याची स्थिती तिच्याशी जुळलेली मिळते), जिच्यावर यूट्यूबवर रोज एक व्हिडिओ येतो, तिच्यातूनही निरोप पाठवता येत नाही.

खरीखुरी वस्तू प्रकाशाच्या पुढे जाते ती माध्यमात. पाण्यात प्रकाशच सव्वादोन लाखांवर आलेला असतो, त्यामुळे जोरदार इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकू शकतो. तसं झालं की निळसर प्रकाश फाकतो. चेरेन्कोव्हने तो १९३४ मध्ये नोंदवला आणि १९५८ चं नोबेल त्याला, तसंच त्याचं स्पष्टीकरण देणाऱ्या टाम आणि फ्रँक यांना मिळालं. तुर्भ्याची 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. ती पाण्याच्या हौदात बुडवलेली होती, आणि चालू असताना गाभ्याभोवती हीच निळी प्रभा दिसायची. भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधल्या हानले इथे उभारलेली २१ मीटर व्यासाची 'मेस' दुर्बीणही हाच प्रकाश टिपते. अंतराळातला गॅमा किरण वातावरणात शिरला की कणांचा वर्षाव होतो, ते कण हवेतल्या प्रकाशाला मागे टाकतात, आणि काही नॅनोसेकंद टिकणारी निळी चमक जमिनीवर येते. दुर्बीण जमिनीवर असूनही गॅमा किरण 'पाहते' ती अशी.

२०११ मध्ये न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने गेले होते ना?

गेले नव्हते. न्यूट्रिनो म्हणजे जवळजवळ वस्तुमान नसलेले, पदार्थातून सहज आरपार जाणारे कण. सर्नमधून ७३० किलोमीटर दूर इटलीतल्या ग्रान सासो प्रयोगशाळेत पोहोचणारे न्यूट्रिनो ६० नॅनोसेकंद लवकर आल्यासारखे दिसले. काही महिन्यांनी मुख्य दोष सापडला: फायबर केबलची एक जोडणी नीट घट्ट बसली नव्हती. पण त्या आधीही शंका घ्यायला भक्कम कारण होतं. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरच्या एका ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर पोहोचले. ते प्रकाशाच्या तीनेक तास आधी आले, आणि तेही प्रकाशाला ताऱ्याच्या पोटातून बाहेर पडायला वेळ लागला म्हणून. ग्रान सासोचा आकडा खरा असता, तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते.

सूर्य अचानक नाहीसा झाला तर पृथ्वी लगेच भरकटेल का?

८ मिनिटं २० सेकंद काहीच होणार नाही. सूर्य दिसत राहील आणि पृथ्वी त्याच्या रिकाम्या जागेभोवती वळत राहील. गुरुत्वाकर्षणातला बदलही याच वेगाने पसरतो.

याचा पुरावा १७ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाला. १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, अमेरिका आणि युरोपातल्या शोधक उपकरणांनी पकडल्या, आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. तेरा कोटी वर्षांच्या शर्यतीत पावणेदोन सेकंदांचा फरक, आणि तोही बहुधा किरण उशिरा सुटल्यामुळे. अशा लहरी टिपणारी भारताची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ मंजूर झाली आहे. तिथे चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेसर धावेल. जगात दूरदूरच्या जागी असे शोधक असले की लहर कुठे आधी आणि कुठे नंतर पोहोचली, यावरून तिची दिशा काढता येते.

आमच्या मते या सबंध विषयातली मुख्य गोष्ट हीच आहे. गुरुत्वीय लहरींचा प्रकाशाशी काही संबंध नसताना त्या याच वेगाने का जाव्यात? कारण हा वेग प्रकाशाची खासगी मालमत्ता नाही. इथे काही घडलं तर त्याचा परिणाम तिथे किती लवकर होऊ शकतो, याची ही कमाल मर्यादा आहे. प्रकाश आपल्याला आधी भेटला, म्हणून त्याचं नाव चिकटलं.

रेडिओ, वायफाय, क्ष-किरण यांचाही वेग हाच का?

हो, सगळे एकाच जातकुळीतले. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, जास्तीत जास्त २५ किलोमीटर अंतरावर पसरलेल्या. एकाच लहरीची आघाडी त्या सगळ्यांवर एकाच वेळी येत नाही. टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये ८० मायक्रोसेकंदांपर्यंत फरक पडू शकतो. शिवाय प्रत्येकीचा सिग्नल वेगवेगळ्या लांबीच्या फायबरमधून मधल्या इमारतीत येतो. प्रत्येक सिग्नल नेमका तेवढा थोपवून धरल्याशिवाय तीस तबकड्यांची एक दुर्बीण होत नाही, आणि आकाश फिरत असल्यामुळे हा 'तेवढा' सतत बदलत असतो.

आपल्याला दिसणारे तारे खरं तर कधीच मेलेले असतात, हे खरं आहे का?

कवितेत छान वाटतं, पण बहुतांशी खोटं आहे. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, अभिजित २५, स्वाती ३७, अगस्त्य ३१० च्या आसपास. नुसत्या डोळ्यांना दिसणारे जवळजवळ सगळे तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले, आणि ताऱ्याचं आयुष्य मोजायचं लाखो ते अब्जावधी वर्षांत. स्वातीचा आजचा प्रकाश ३७ वर्षांपूर्वीचा असला तरी स्वाती आहे तिथेच आहे. काक्षीसारख्या म्हाताऱ्या ताऱ्याबद्दल शंका घ्यायला हरकत नाही. देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग मात्र खरोखर २५ लाख वर्षांपूर्वीचा आहे.

प्रकाशवर्ष हे वेळेचं माप ना?

अंतराचं. एका वर्षात प्रकाश जेवढा जातो तेवढं: ९.४६ लाख कोटी किलोमीटर.

ऋग्वेदात प्रकाशाचा वेग दिला आहे, असा मेसेज येतो. खरं काय?

श्लोक खरा आहे, पण तो ऋग्वेदातला नाही. चौदाव्या शतकात विजयनगरला सायणाचार्यांनी ऋग्वेदावर भाष्य लिहिलं. सूर्याच्या एका ऋचेवर (१.५०.४) लिहिताना ते परंपरेतलं एक वचन उद्धृत करतात: 'योजनानां सहस्रे द्वे द्वे शते द्वे च योजने । एकेन निमिषार्धेन क्रममाण नमोऽस्तु ते ॥' अर्ध्या निमिषात २,२०२ योजनं जाणाऱ्या सूर्या, तुला नमस्कार. निमिष हे वेळेचं जुनं माप, योजन हे अंतराचं.

आता हिशेब. पुराणांतल्या मापाने, म्हणजे १५ निमिषांची एक काष्ठा धरून, दिवसात ४,०५,००० निमिष बसतात, आणि अर्धा निमिष होतो ०.१०७ सेकंद. तीन लाख किलोमीटर हवे असतील तर योजन साडेचौदा किलोमीटरचं घ्यावं लागतं. पण आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं सांगितला, त्यावरून योजन १२ किलोमीटरचं होतं आणि वेग अडीच लाखांवर येतो. सूर्यसिद्धान्तात व्यास १,६०० योजनं आहे. त्या मापाने वेग भरतो १ लाख ६५ हजार. मनुस्मृतीप्रमाणे १८ निमिषांची काष्ठा धरली, तर साडेचौदाचं योजन घेऊनही उत्तर ३ लाख ६० हजार. उत्तर आधी ठरवून मापं निवडली की हवं ते निघतं. शिवाय वचनात स्तुती आहे ती सूर्याच्या चालण्याची, आणि तो वेग कसा मोजला याचा एक शब्दही नाही. रोमरचा आकडा चुकला होता, तरी तो कुठून आला हे आपल्याला मिनिटागणिक सांगता येतं. फरक तिथे आहे.

प्रकाशाच्या वेगाने गेलो तर काळ थांबेल का? प्रकाशकणाला जग कसं दिसतं?

प्रश्न मोहक आहे, पण आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात त्याला उत्तर नाही, कारण प्रकाशकणासोबत स्थिर बसलेला निरीक्षक कल्पनेतही उभा करता येत नाही. त्या वेगाच्या जवळ गेल्यावर काय होतं, ते मात्र रोज घडतं. अंतराळातून येणारे कण १५ किलोमीटर उंचीवर हवेत आपटून म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात ते ६६० मीटर जाऊन संपायला हवेत, पण जमिनीपर्यंत भरपूर पोहोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचं घड्याळ मंद चालतं. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे ४५ ने पुढे जातात. ही ३८ मायक्रोसेकंदांची दुरुस्ती केली नाही, तर अंतराच्या हिशेबात एका दिवसात अकरा किलोमीटरची चूक साठेल.

प्रकाश थांबवता येतो का?

एका अर्थी हो. १९९९ मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने अतिथंड सोडियम वायूत प्रकाशाचा स्पंद सेकंदाला १७ मीटरवर आणला, आणि २००१ मध्ये तो थोपवून पुन्हा सोडला. थांबलेल्या अवस्थेत तो प्रकाश नसतो. त्याचा ठसा अणूंमध्ये साठवलेला असतो.

घरी मोजता येईल?

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये येतो. फिरती तबकडी आणि तिच्याखालचं चाक काढून टाका, कारण अन्न फिरलं की सगळं बिघडतं. चपट्या ताटलीत चॉकलेटची पाटी किंवा चीजचे काप सपाट पसरा आणि वीसेक सेकंद चालवा. ठरावीक जागीच वितळलेले ठिपके दिसतील. शेजारच्या दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, साधारण सहा सेंटिमीटर. ते दुप्पट करून ओव्हनच्या मागच्या पट्टीवर छापलेल्या वारंवारतेने गुणा. ती बहुधा २,४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४५ कोटी कंपनं असते. ०.१२२ मीटर गुणिले २४५ कोटी, २९ कोटी ८९ लाख मीटर.

ठिपके दरवेळी इतके शहाण्यासारखे पडत नाहीत. ओव्हनच्या पेटीत लहरी अनेक दिशांनी उसळतात, म्हणून चार-पाच जोड्यांची सरासरी घ्या. ओव्हन रिकामा चालवू नका, आणि ताटली काढताना हाताला फडकं घ्या.